रेंज पूर्ण, तरी इंटरनेट बंद: दोष नेमका कोठे आहे हे कसे शोधावे

तुम्ही दिलेली माहिती थोडक्यात अशी आहे. पुण्यात सातव्या मजल्यावरच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये फायबरची जोडणी आहे, राउटर मुख्य दाराशी चपलांच्या कपाटावर ठेवलेला आहे आणि तुम्ही आतल्या बेडरूममध्ये विंडोज ११ असलेल्या लॅपटॉपवर काम करता. वायफायची रेंज पूर्ण दिसते, तरीही संध्याकाळच्या व्हिडिओ मीटिंगमध्ये आवाज तुटतो, मध्येच ‘नो इंटरनेट’ असे लिहून येते आणि राउटर बंद करून पुन्हा चालू केला की काही काळ सगळे सुरळीत होते. त्याच खोलीत मोबाइलला काहीच अडचण येत नाही. इंटरनेट पुरवणारे म्हणतात की लाइन ठीक आहे, दुरुस्तीचे दुकान म्हणते की वायफाय कार्ड गेले आहे. आता कार्ड बदलावे, राउटर बदलावा की लॅपटॉपच नवा घ्यावा, असा तुमचा प्रश्न आहे.

माझे पहिले सांगणे असे की तूर्त काहीही विकत घेऊ नका. घरे आणि लहान कार्यालये यांच्या नेटवर्कची देखभाल हेच माझे अनेक वर्षांचे काम आहे आणि त्यात पैसे वाया जाण्याचे सर्वांत मोठे कारण मी हेच पाहिले आहे की दोष कोणत्या टप्प्यात आहे हे ठरण्याआधीच वस्तू बदलली जाते. तुमच्या लॅपटॉपपासून एखाद्या संकेतस्थळापर्यंत जाणाऱ्या वाटेचे आपल्या कामापुरते तीन टप्पे धरता येतात. पहिला, लॅपटॉप ते राउटर, म्हणजे हवेतून जाणारा. दुसरा, राउटर ते इंटरनेट पुरवणाऱ्याचे जाळे आणि तेथून बाहेर. तिसरा टप्पा वाटेचा नाही, तर पत्ता शोधण्याचा आहे: तुम्ही टाइप केलेल्या नावाचा अंकी पत्ता सांगणारी डीएनएस ही सेवा. पडद्यावर दिसणारी रेंज यांपैकी फक्त पहिल्या टप्प्याबद्दल बोलते आणि तेही अर्धेच सांगते. म्हणून ‘रेंज पूर्ण आहे, मग नेट का नाही’ या प्रश्नापेक्षा ‘ज्या क्षणी आवाज तुटतो, त्या क्षणी कोणता टप्पा तुटलेला असतो’ हा प्रश्न उपयोगाचा आहे.

त्याआधी तुम्ही ज्या दोन गोष्टी पुरावा म्हणून दिल्या आहेत, त्या तपासून घ्यायला हव्यात. मोबाइल नीट चालतो हा पुरावा बहुधा कच्चा असतो, कारण वायफाय मंदावले की आजचे बरेचसे मोबाइल न सांगता सिमच्या डेटावर जातात आणि आपल्याला वाटते की तो वायफायवरच चालला आहे. मोबाइल डेटा पूर्ण बंद करा, मोबाइल लॅपटॉपच्या अगदी शेजारी ठेवा आणि अडचण येते त्याच वेळी त्यावर व्हिडिओ कॉल करून पाहा. मोबाइलही अडखळला, तर लॅपटॉपवरचा संशय बराच कमी होतो. राउटर बंद-चालू केल्याने बरे वाटणे हा तर त्याहूनही कच्चा पुरावा आहे. त्या एका कृतीत बऱ्याच गोष्टी एकदम घडतात: लॅपटॉप नव्याने जोडला जातो, त्याला नवा पत्ता मिळतो, राउटर कदाचित दुसरा चॅनल, म्हणजे लहरींच्या पट्ट्यातला दुसरा लहान भाग, निवडतो आणि पुरवठादाराशी असलेले सत्रही नव्याने सुरू होते. यांपैकी कशाने गुण आला हे कळतच नाही. यापुढे अडचण आली की राउटरला हात न लावता आधी फक्त लॅपटॉपचे वायफाय बंद करून दहा सेकंदांनी चालू करा. तेवढ्याने सुरळीत झाले, तर दोष पहिल्या टप्प्यात आहे असे मानून पुढे जायला हरकत नाही.

आता खरी मोजणी. लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘आयपीकॉन्फिग’ (ipconfig) ही आज्ञा द्या. आज्ञा आणि अंक अर्थातच इंग्रजीत टाइप करायचे. वायफायच्या भागात ‘डीफॉल्ट गेटवे’समोर जो अंकी पत्ता दिसेल तो तुमच्या राउटरचा. तो बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. तेथेच स्वतः लॅपटॉपचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून त्याला पत्ताच मिळालेला नाही आणि बाकी काही तपासण्याआधी तेच सुधारायला हवे. सगळे ठीक असेल तर दोन स्वतंत्र खिडक्या उघडा. एकीत ‘पिंग’ (ping, म्हणजे एखाद्या पत्त्याला हाक मारून उत्तर किती वेळात येते हे मोजणारी आज्ञा), मग राउटरचा पत्ता आणि शेवटी हायफन व टी हे अक्षर (-t) द्या. दुसरीत तसेच, पण पत्ता ८.८.८.८ हा द्या; तो घराबाहेरचा, गूगलच्या डीएनएस सेवेचा पत्ता आहे. हायफन-टीमुळे मोजणी आपण थांबवेपर्यंत चालू राहते. मीटिंग सुरू होण्यापूर्वी या दोन्ही खिडक्या चालू ठेवा आणि आवाज तुटला की लगेच त्यांच्याकडे पाहा.

राउटरकडून येणारे उत्तर साधारणपणे एक ते पाच मिलिसेकंदांत यायला हवे. लॅपटॉप अधूनमधून आजूबाजूची नेटवर्के शोधत असल्यामुळे एखादा आकडा उडी मारतो, त्याची चिंता करू नये. पण राउटरचेच उत्तर दोनशे, आठशे असे होऊ लागले किंवा ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ येऊ लागले, तर दोष हवेतल्या टप्प्यात आहे आणि त्या क्षणी पुरवठादाराला फोन करण्यात अर्थ नाही. उलट राउटरचे आकडे शांत आहेत आणि ८.८.८.८ कडचे तेवढे बिघडले आहेत, असे असेल तर लॅपटॉप आणि त्याचे कार्ड दोन्ही निर्दोष आहेत. दोन्ही खिडक्या शांत आहेत, तरी संकेतस्थळे उघडत नाहीत, असेही कधी दिसते. अशा वेळी तिसऱ्या खिडकीत अंकांऐवजी एखाद्या मोठ्या संकेतस्थळाच्या नावाला पिंग करून पाहा. नाव सापडत नाही असे उत्तर आले, तर अडचण डीएनएसची आहे, आणि वायफायच्या सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून १.१.१.१ किंवा ८.८.८.८ स्वतः घातल्याने ती बहुधा सुटते. ‘नो इंटरनेट’ या शब्दांबद्दलही एक गोष्ट लक्षात ठेवावी. विंडोज मायक्रोसॉफ्टच्या एका ठरावीक पत्त्यावरची लहानशी फाइल मिळते का, एवढे पाहून तो निष्कर्ष काढते. कार्यालयाचे व्हीपीएन किंवा प्रॉक्सी, म्हणजे सगळी वाहतूक कार्यालयामार्फत नेणारी व्यवस्था, मध्ये असेल, तर इंटरनेट चालू असतानाही ती पाटी दिसू शकते.

या मोजणीचा निकाल काय येईल हे मी येथून खात्रीने सांगू शकत नाही. तरीही तुमच्या वर्णनातील दोन बाबी, म्हणजे संध्याकाळची वेळ आणि दाराशी असलेला राउटर, पाहता हवेतला टप्पा आधी तपासण्यासारखा आहे. म्हणून त्याच्याबद्दल सविस्तर लिहितो.

‘नेटश डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस’ (netsh wlan show interfaces) ही आज्ञा दिली की तुमची जोडणी कोणत्या बँडवर, म्हणजे २.४ की ५ गिगाहर्ट्झच्या लहरींच्या पट्ट्यात, आणि कोणत्या चॅनलवर आहे, वेग किती ठरला आहे आणि सिग्नल किती टक्के आहे, हे दिसते. हे टक्के खऱ्या मापात, म्हणजे सिग्नलची शक्ती सांगणाऱ्या डीबीएममध्ये, बदलणे सोपे आहे; हा आकडा वजा असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरदार. विंडोज वजा १०० डीबीएमला शून्य टक्के आणि वजा ५० डीबीएमला शंभर टक्के मानते आणि मधले अंतर समान वाटून देते. त्यामुळे ६० टक्के म्हणजे सुमारे वजा ७० डीबीएम. आवाज आणि व्हिडिओ यांसाठी वजा ६७ किंवा त्याहून चांगला सिग्नल असावा, असे या व्यवसायात धरले जाते आणि माझाही अनुभव तसाच आहे. दर तीन डीबीला शक्ती निम्मी होते, म्हणून वजा ६७ आणि वजा ७३ यांतला फरक कागदावर किरकोळ वाटला तरी प्रत्यक्षात चौपट आहे. शिवाय हा आकडा राउटरचा सिग्नल लॅपटॉपला किती जोरात पोहोचतो एवढेच सांगतो. लॅपटॉपचा प्रक्षेपक सहसा राउटरपेक्षा कमी ताकदीचा असतो आणि त्याचे म्हणणे राउटरपर्यंत नीट पोहोचते की नाही, हे पडद्यावर कोठेच दिसत नाही. तुमचा आवाज इतरांना तुटक ऐकू येतो, पण त्यांचा तुम्हाला स्वच्छ येतो, असे होत असेल तर हे एक कारण असू शकते.

सिग्नल जोरदार असूनही जोडणी खराब असण्याचे दुसरे आणि शहरी फ्लॅटमध्ये फार वेळा आढळणारे कारण म्हणजे गर्दी. वायफायचे प्रत्येक उपकरण बोलण्यापूर्वी त्या चॅनलवर दुसरे कोणी बोलत नाही ना, हे ऐकते आणि बोलत असेल तर थांबते. २.४ गिगाहर्ट्झच्या बँडमध्ये भारतात १ ते १३ असे चॅनल वापरता येतात, पण त्यांची केंद्रे एकमेकांपासून केवळ ५ मेगाहर्ट्झ अंतरावर आहेत आणि एका जोडणीला किमान २० मेगाहर्ट्झची रुंदी लागते. परिणामी एकमेकांना न छेदणारे असे १, ६ आणि ११ हे तीनच चॅनल हाती उरतात. वर, खाली, शेजारी आणि समोरच्या विंगमध्ये जेवढे राउटर आहेत, त्या सर्वांना हे तीन चॅनल वाटून घ्यावे लागतात. दुपारी घरे रिकामी असताना हे जाणवत नाही, संध्याकाळी सगळीकडे टीव्ही आणि मोबाइल सुरू झाले की जाणवते. मोबाइलवर वायफाय अ‍ॅनालायझर प्रकारचे कोणतेही ॲप घेऊन रात्री आठच्या सुमारास बेडरूममध्ये उभे राहून पाहा, म्हणजे तुमच्या चॅनलवर आणखी किती जण आहेत ते दिसेल. राउटरमध्ये चॅनलची रुंदी ४० मेगाहर्ट्झ ठेवलेली असेल, तर ती २.४ च्या बँडपुरती २० करा. वेगाचा आकडा थोडा घटेल, पण जोडणी स्थिर होईल.

खरा उपाय मात्र ५ गिगाहर्ट्झचा बँड हा आहे. तेथे चॅनल पुष्कळ आहेत आणि शेजाऱ्यांचा सिग्नल भिंतीत बराच अडत असल्याने गर्दी कमी होते. भिंतीत अडणे हाच त्याचा दोषही आहे. आरसीसीच्या भिंतीतील आणि खांबांतील सळ्या, बाथरूमच्या टाइल्स व पाइप, लोखंडी कपाट, मोठा आरसा ही सगळी ५ गिगाहर्ट्झला अवघड जातात. आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये फायबर मुख्य दारातून आत येते, तंत्रज्ञ तेथेच राउटर ठेवून जातो आणि काम मात्र सर्वांत आतल्या खोलीत चालते. मध्ये स्वयंपाकघर आणि बाथरूम असेल, तर बेडरूममध्ये ५ चा सिग्नल वजा ७५ च्या आसपास उतरतो. राउटरने दोन्ही बँडना एकच नाव दिलेले असल्यास लॅपटॉप कधी एका तर कधी दुसऱ्या बँडवर उड्या मारतो आणि प्रत्येक उडीला मीटिंग क्षणभर गोठते. चाचणीपुरती दोन्ही बँडना वेगळी नावे द्या, लॅपटॉप फक्त ५ वर जोडा आणि राउटर आहे त्याच खोलीत बसून एक पूर्ण मीटिंग करा. ती निर्वेध झाली, तर कार्ड ठीक आहे आणि प्रश्न अंतराचा व भिंतींचा आहे, हे सिद्ध होते. यासाठी खर्च काही नाही आणि दुकानदाराच्या निदानाची परीक्षाही याच चाचणीत होते.

अंतराचाच प्रश्न निघाला, तर राउटर छातीच्या उंचीवर, मोकळ्या जागी आणि घराच्या शक्य तितक्या मध्यभागी आणणे हा पहिला उपाय. फायबरची तार वाढवून घेता येते, फक्त ती काटकोनात मुडपू नये, कारण तीव्र वळणातून प्रकाश गळतो. त्याहून पक्का उपाय म्हणजे हॉलमधून बेडरूमपर्यंत लॅन केबल ओढून तेथे दुसरा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे केबलवरून आलेले नेट त्या खोलीत वायफायने देणारे उपकरण, बसवणे. बऱ्याच फ्लॅटमध्ये केबल टीव्हीसाठी भिंतीतून नळी टाकलेली असते आणि ती आज रिकामी पडून असते, तिचा उपयोग करावा. बाजारात मिळणारा स्वस्त रिपीटर मी शक्यतो सुचवत नाही. एकाच बँडवर ऐकणारा आणि बोलणारा रिपीटर प्रत्येक गोष्ट दोनदा हवेत सोडतो, त्यामुळे वेग सुमारे निम्मा होतो आणि असलेल्या गर्दीत भर पडते.

५ गिगाहर्ट्झबाबत एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. त्यातील ५२ ते १४४ या क्रमांकांचे चॅनल रडारबरोबर वाटून वापरायचे असतात. रडारचा सिग्नल जाणवला की राउटरला तो चॅनल सोडावा लागतो, आणि त्याच पट्ट्यातील दुसऱ्या चॅनलवर गेल्यास निदान ६० सेकंद ऐकून मगच बोलता येते. घरातील सगळ्या उपकरणांवरून ५ चे नाव मिनिटभर नाहीसे होऊन परत येत असेल, तर राउटरमध्ये चॅनल ३६ किंवा १४९ ठरवून द्या.

लॅपटॉपच्या अगदी जवळच्या वस्तूही पाहा. यूएसबी ३ ची हार्ड डिस्क किंवा डॉक (लॅपटॉपला जास्तीची जोडछिद्रे देणारे उपकरण) २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात रेडिओ लहरींचा व्यत्यय निर्माण करते, आणि याविषयी इंटेलने २०१२ मध्ये स्वतःच तांत्रिक टिपण प्रसिद्ध केले होते. ब्लूटूथ हेडफोन त्याच पट्ट्यात चालतो, मायक्रोवेव्ह ओव्हनही. लॅपटॉप ५ वर असला की हे तिन्ही प्रश्न मिटतात.

आता लॅपटॉप. राउटरपासून एक मीटरवर बसूनही सिग्नल वजा ७० च्या आसपास दिसत असेल, तर ॲन्टेनाच्या तारांवर संशय घ्यावा. बहुतेक लॅपटॉपमध्ये ॲन्टेना पडद्याच्या चौकटीत असतात आणि त्यांच्या दोन बारीक तारा बिजागरीतून खाली कार्डापर्यंत येतात. बिजागरी दुरुस्त केली असेल किंवा रॅम अथवा एसएसडी वाढवताना मशीन उघडले असेल, तर त्यांपैकी एक तार निसटलेली किंवा चिमटलेली आढळते आणि अशा वेळी कार्ड बदलून काहीच साधत नाही. दुकानदाराला मशीन तुमच्यासमोर उघडायला सांगा आणि आधी या तारांच्या टोकांच्या दोन टोप्या कार्डावर नीट बसलेल्या आहेत का ते पाहायला लावा.

तारा ठीक असतील तर ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर, पाहावा. विंडोज अपडेटनंतर अडचण सुरू झाली असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमधील ‘रोल बॅक ड्रायव्हर’ वापरून पाहा, नाही तर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून नेमक्या मॉडेलचा ड्रायव्हर घ्या. ड्रायव्हर शोधून देणारी अनोळखी ॲप्स मात्र घेऊ नयेत. डिव्हाइस मॅनेजरमध्येच कार्डाच्या ‘पॉवर मॅनेजमेंट’ भागात वीज वाचवण्यासाठी कार्ड बंद करण्याची परवानगी असते, ती काढून टाका. अनेक नव्या लॅपटॉपमध्ये हा भाग दिसतच नाही, त्यामुळे तो सापडला नाही तर काळजी करू नका. ‘ॲडव्हान्स्ड’ भागात ५ गिगाहर्ट्झला पसंती देण्याची सोय असल्यास ती निवडा. यासोबत ‘नेटश डब्ल्यूलॅन शो डब्ल्यूलॅनरिपोर्ट’ (netsh wlan show wlanreport) ही आज्ञा प्रशासकाच्या अधिकाराने द्या. गेल्या तीन दिवसांत जोडणी केव्हा तुटली आणि प्रत्येक वेळी विंडोजने काय कारण नोंदवले, याचा आलेखासह अहवाल तयार होतो. आवाज तुटला त्या वेळांशी या नोंदी जुळतात का, हे पाहा.

नेटवर्क रीसेट, म्हणजे विंडोजची सगळी नेटवर्क-जुळणी मूळ स्थितीत आणणे, हा उपाय सगळीकडे पहिला म्हणून सुचवला जातो, तो मी शेवटी ठेवतो. त्याने साठवलेली सर्व नेटवर्के, पासवर्ड आणि व्हीपीएनची जुळणी पुसली जाते आणि गुण आला तरी कशाने आला ते कळत नाही. याच कारणाने एका वेळी एकच बदल करा आणि तो निदान एक संध्याकाळ तसाच ठेवा.

मोजणीत दुसरा टप्पा दोषी निघाला तर काम वेगळ्या दिशेने जाते. पुरवठादाराला दोष देण्याआधी, घरातील एखादा मोबाइल फोटोंचा बॅकअप चढवत नाही ना किंवा दारावरचा कॅमेरा सतत चित्रण वर पाठवत नाही ना, हे बघा. अपलोडची वाट भरली की ८.८.८.८ चे आकडे शेकड्यांत जातात आणि मीटिंग तुटते, जरी वेगचाचणीत डाउनलोड उत्तम दिसत असले तरी. नंतर राउटरवरचे दिवे पाहा. ‘एलओएस’ (लॉस ऑफ सिग्नल) हा लाल दिवा लागला किंवा लुकलुकला, तर प्रकाशाचा सिग्नलच पोहोचत नाही. बऱ्याच राउटरच्या सेटिंग पानावर येणाऱ्या प्रकाशाची शक्ती दिसते, आणि घरगुती फायबरच्या नेहमीच्या जीपॉन प्रकारच्या जोडणीत ती वजा २७ डीबीएमपेक्षा खाली गेली की जोडणी डळमळते. वीज जाऊन इन्व्हर्टरवर घर जाते त्या क्षणी राउटर पुन्हा सुरू होत असेल, तर त्याला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावा.

यानंतरही दोष पुरवठादाराकडेच दिसत असेल, तर लॅन केबलने थेट राउटरला जोडून तीच पिंगची मोजणी करा आणि खिडकीचे चित्र वेळेसह जपून ठेवा. लॅपटॉपला लॅनचे छिद्र नसेल तर यूएसबीवर चालणारा ॲडॅप्टर मिळतो. ‘नेट स्लो आहे’ ही तक्रार दुर्लक्षिली जाते, पण ‘केबलवर राउटरचे उत्तर दोन मिलिसेकंदांत येते आणि रात्री साडेआठ ते नऊ या वेळात बाहेरची पिंग तुटते’ असे लिहून पाठवलेली तक्रार पुढच्या स्तरावर पाठवणे त्यांना भाग पडते.

सर्व चाचण्यांनंतर कार्डच सदोष ठरले, तर लॅपटॉप उघडण्यापूर्वी कोणाकडून तरी दोन्ही बँडचे यूएसबी वायफाय ॲडॅप्टर उसने आणून दोन दिवस वापरा. त्यावर अडचण नाहीशी झाली तरच कार्ड बदला. कार्ड घेताना काही लॅपटॉपमध्ये ते मदरबोर्डवरच जडवलेले असते आणि बदलता येत नाही, हे आधी पाहावे. बदलता येत असेल तर इंटेलच्या एएक्स२०० आणि एएक्स२०१ यांसारख्या सारख्या दिसणाऱ्या क्रमांकांकडे लक्ष द्यावे. एएक्स२०१ हे केवळ ठरावीक इंटेल प्रोसेसरबरोबरच चालते, एएक्स२०० ला ते बंधन नाही. आणि लॅपटॉप कार्यालयाचा असेल तर यांपैकी कशालाही हात न लावता तीन दिवसांचा तो अहवाल आणि दोन्ही पिंगच्या नोंदी तुमच्या आयटी विभागाकडे पाठवा. त्या नोंदी येथेही दिल्यात, तर राउटरचा मॉडेल क्रमांक पाहून पुढचे नेमके सांगता येईल.